मोरीपासून सुरुवात

२०२२ सालची दिवाळी २४ ऑक्टोबरला होती आणि छठपूजा ३० तारखेला. या दोन सणांसाठी गावी गेलेल्या आमच्या हॉटेलातल्या नऊ मुलांपैकी सहा जण नोव्हेंबरचा पहिला आठवडा उलटला तरी परतले नव्हते, आणि त्यांतल्या चौघांनी निघताना घेतलेली उचलही त्यांच्याबरोबर बिहारला गेली होती. हॉटेलच्या धंद्यात उचल बुडणे ही नवलाची गोष्ट नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिच्यासाठी वहीत दरवर्षी एक पान आधीच राखून ठेवत. नवल याचे होते की या वेळी गेलेल्यांच्या जागी कोणीच मिळेना. माणसे पुरवणाऱ्या ठेकेदाराला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "शेठ, वेटर एखादा बघतो, हेल्परही बघतो. मोरीवर मात्र माणूस मागू नका." त्या रविवारी दुपारी अडीच वाजता, बाहेर टेबलांसाठी लोक ताटकळत असताना, मी बाह्या सरसावून मोरीसमोर उभा राहिलो आणि साडेपाचपर्यंत ताटे, वाट्या आणि पेले घासत राहिलो.

ज्याने हे काम केलेले नाही त्याला त्यातला त्रास सांगून कळत नाही. ताट सोपे असते, त्रास वाटीचा. तळाशी बसलेला आमटीचा तेलकट थर बोट आत घालून फिरवल्याशिवाय निघत नाही, आणि एका थाळीमागे अशा चार वाट्या असतात. तीन तासांत माझ्या बोटांची कातडी सुरकुतली, कंबर धरली, आणि पायांत गमबूट असूनही मोजे ओले झाले. आमच्या मोरीवाल्या काकांच्या पायांच्या बोटांत बारमाही चिखल्या का असतात, हे हॉटेलच्या मालकाला त्या दिवशी पहिल्यांदा समजले. काका तेव्हा आजारी पडून सांगोल्याकडच्या त्यांच्या गावी गेले होते.

आमचे हॉटेल पुण्यात सिंहगड रस्त्यावर आहे. अण्णांनी ते १९८७ साली सहा टेबलांवर सुरू केले. आता सोळा टेबले आहेत आणि शाकाहारी थाळी, मिसळ व संध्याकाळी पंजाबी असा आमचा बेत असतो. अण्णांच्या काळात वेटर जावळी-पाटणच्या डोंगराळ गावांतून येत. एक जण आला की तो पुढच्या वर्षी भावाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी मेहुण्याला घेऊन येई. रात्री टेबले एकमेकांना जोडून त्यांवरच अंथरुणे पडत, आणि सणासुदीला कोणी घरी गेलाच तर बदली माणूस देऊनच जात असे. हळूहळू त्या गावांतली मुले शिकली, काही शिरवळ-चाकणच्या कारखान्यांत लागली, आणि त्यांच्या जागा बिहार, ओडिशा व नेपाळच्या मुलांनी भरल्या. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हॉटेलात सतरा माणसे होती. मे महिन्यात श्रमिक रेल्वेगाड्या सुटल्या तशी बरीचशी गेली. ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या आसनक्षमतेने हॉटेले उघडायला परवानगी मिळाल्यावर त्यांतली काही परतली, पण एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा फक्त पार्सलवर यावे लागले तेव्हा त्यांनी आमच्यावरचा भरवसा सोडला, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. पगार निम्म्यावर आला की मुलगा दुसरीकडे बघणारच. आमचा एक हुशार वेटर तेव्हा घरपोच खाणे पोहोचवण्याच्या कामाला लागला. पुढे तोच हेल्मेट घालून आमच्या दारात पार्सल न्यायला उभा राहू लागला.

मोरीवरच्या त्या रविवारनंतर मी ठरवले की माणसे मिळत नसतील तर यंत्रे आणू. हे ठरवणे सोपे होते, कारण यंत्रे विकणारे आधीपासूनच दारात होते. मी मात्र चुकीच्या टोकाने सुरुवात केली.

पहिली खरेदी होती टेबलावरून क्यूआर कोडने ऑर्डर घेण्याच्या व्यवस्थेची. विक्रेत्याचा हिशेब असा होता की गिऱ्हाईक आपल्याच मोबाइलवर मेनू पाहील, ऑर्डर थेट भटारखान्यात छापून निघेल, आणि चार वेटरांचे काम दोघांत भागेल. ज्येष्ठ नागरिकांचा विरोध मी गृहीत धरला होता, आणि तो झालाही, पेशव्यांच्या काळापासून पुण्यातच राहत असल्याच्या थाटात एक आजोबा म्हणाले, "मी इथे जेवायला आलोय, टायपिंगच्या परीक्षेला नाही." पण खरी अडचण आजोबांची नव्हती. ती भटारखान्यात उभी राहिली, आणि ती समजायला मला पंधरा दिवस लागले.

रात्री सव्वाआठ ते नऊ या वेळात आमची टेबले जवळजवळ एकदमच भरतात. पूर्वी आमचे कॅप्टन मामा, जे अण्णांच्या काळापासून आहेत आणि मला आजही धाकटे शेठ म्हणतात, ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत ऑर्डर घेत. मला वाटे की ते संथ झाले आहेत. क्यूआर कोड लागल्यावर कळले की तो संथपणा नव्हता, ते धरण होते. तव्यावर किती चपात्या पडल्या आहेत आणि तंदूरवाल्याचा हात कुठवर आला आहे हे मामांना आवाजावरूनच समजत असे, आणि त्या मानाने ते एखाद्या टेबलाशी दोन मिनिटे जास्त बोलत, एखाद्याला "आज भरलं वांगं मस्त झालंय" म्हणून तयार भाजीकडे वळवत, तर एखाद्याला नुसताच पापड पुढे करून थांबवत. मोबाइलला यातले काही कळत नाही. पहिल्या शनिवारी आठ वाजून वीस मिनिटांनी सात मिनिटांत चौदा ऑर्डरी छापून आल्या, त्यांत नऊ वेगवेगळ्या पंजाबी भाज्या होत्या, आणि आमच्या वस्तादांनी झारा खाली ठेवून शांतपणे विचारले, "यातलं काय नको करू ते सांगा." त्या रात्री दोन टेबले न जेवता उठून गेली.

त्यानंतर आम्ही क्यूआर कोड ठेवला, पण तो फक्त मेनू पाहण्यासाठी आणि बिल भरण्यासाठी. ऑर्डर घेण्याचे काम पुन्हा मामांकडे आणि दोन वेटरांकडे गेले. फरक इतकाच की त्यांच्या हातात आता कागदी पॅडऐवजी छोटे यंत्र आहे. त्यावर ऑर्डर तयार करून 'धरून ठेव' म्हणता येते. ही सोय मुळात नव्हती. मामांनी मागितली आणि सॉफ्टवेअरवाल्याने पुढच्या महिन्यात दिली.

दुसरी गोष्ट मला मामांनीच, पण फार संकोचाने, सांगितली. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले तरी आमच्याकडे त्याचा खरा जोर टाळेबंदीनंतर आला, आणि मी त्यावर खूश होतो, कारण सुट्ट्या पैशांची कटकट संपली आणि गल्ला रात्री पाच मिनिटांत जुळू लागला. पूर्वी ३४० रुपयांचे बिल झाले की गिऱ्हाईक ५०० ची नोट देई, बडीशेपेच्या ताटलीतून १६० रुपये परत जात आणि त्यांतले दहा-वीस ताटलीतच राहत. यूपीआयवर ३४० म्हणजे ३४० च. गल्ल्यावरचा डबा मोठ्याने रक्कम ओरडतो आणि गिऱ्हाईक उठते. मामांनी खिशातली डायरी काढून दाखवली. २०१९ मध्ये महिन्याला सहा-सात हजारांपर्यंत जाणारी त्यांची टीप २०२२ मध्ये दीड हजारावरही नव्हती. म्हणजे मी कोणाचाही पगार कापला नव्हता, उलट थोडा वाढवलाच होता, तरी वेटरची मिळकत घटली होती. आणि ती घटली आहे हे मला माहीतही नव्हते, कारण ते पैसे कधी माझ्या वहीतून गेलेच नव्हते. मुले का टिकत नाहीत याची कारणे मी बिहारमध्ये आणि चाकणमध्ये शोधत होतो, आणि त्यांतले एक माझ्या गल्ल्यावर ओरडत होते.

बिलाच्या फोल्डरमध्ये आम्ही टीपेसाठी वेगळा कोड चिकटवला. त्यावरून पहिल्याच महिन्यात भांडण झाले, कारण टीप वेटरांची की सगळ्यांची हा प्रश्न रोख पैशांच्या वेळी कधी कोणी विचारलाच नव्हता. वस्तादांचे म्हणणे असे की चव त्यांच्या हाताची आहे. वेटरांचे असे की हसून उभे आम्ही राहतो. शेवटी निम्मी वेटरांना आणि निम्मी आतल्या सगळ्यांना, अशी वाटणी ठरली आणि आठवड्याचा हिशेब मामा फळ्यावर लिहू लागले. मोरीचाही त्यात समान हिस्सा असावा हे मात्र मी हट्टाने लावून धरले.

भटारखान्यातल्या छपाई यंत्राची कहाणी लहान आहे, पण सांगायलाच हवी. गल्ल्यावर असते तसेच थर्मल यंत्र आम्ही आतही लावले होते. ते उष्णतेने अक्षर उमटवते, शाईने नाही. साहजिकच तव्याशेजारी खोचलेली ऑर्डरची चिठ्ठी दहा मिनिटांत काळी पडू लागली आणि तिच्यावर मेथी मटर होते की मेथी मलई हे देवालाच ठाऊक. महिनाभर मी यंत्र बिघडले म्हणून तक्रारी करत होतो. मग शेजारच्या जुन्या हॉटेलवाल्याने हसत सांगितले की आत रिबनवाले, कर्र कर्र वाजणारे डॉट मॅट्रिक्स यंत्रच लावायचे असते. ते लावल्यावर चिठ्ठी टिकू लागली, आणि त्या कर्र आवाजाने वस्तादांना मान वर न करता ऑर्डर आल्याचे कळू लागले. ओडिशाच्या दोन मुलांना मराठी वाचता येत नव्हते, म्हणून प्रत्येक पदार्थाला आकडा दिला. आता साधी थाळी म्हणजे ११, आणि "चार अकरा, एक सतरा" अशी हाळी आत फिरते.

गल्ल्यावर घरपोच खाणे पोहोचवणाऱ्या ॲपवाल्या कंपन्यांचे तीन टॅब्लेट होते. त्यांवर आलेली ऑर्डर स्वीकारायची, ती पुन्हा आपल्या बिलिंगमध्ये चढवायची आणि आत ओरडून सांगायची, यासाठी एक मुलगा अडकून पडे. त्यातच १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरच्या विक्रीचा जीएसटी त्या कंपन्यांनी भरायचा आणि टेबलावरच्या विक्रीचा आम्ही, असे झाल्याने दोन्ही हिशेब वेगळे ठेवणे भाग पडले होते. तिन्ही टॅब्लेट एकाच बिलिंगला जोडले गेल्यावर तो मुलगा मोकळा झाला. इतक्या खटाटोपात एक पूर्ण माणूस वाचल्याचे हे पहिले उदाहरण.

आता मोरी. मार्च २०२३ मध्ये आम्ही भांडी धुण्याचे यंत्र घेतले, वरचे झाकण हाताने खाली ओढायचे असते त्या प्रकारचे. किंमत सांगत नाही, पण अण्णांनी तीन दिवस माझ्याशी बोलणे टाकले होते. यंत्रासाठी विजेचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागला, मोरीची फरशी उकरून नवी नाली काढावी लागली, आणि उष्टे काढायला एक वेगळा ओटा बांधावा लागला, कारण यंत्र धुते, पण खरकटे काढत नाही. पहिले तीन आठवडे ताटे लखलखीत निघत होती. ८० अंशांच्या वर गेलेल्या पाण्याने शेवटचे खळबळले की स्टील आपोआप वाळते आणि फडका मारावा लागत नाही, हे पाहायला शेजारच्या दुकानांतली माणसेही येऊन गेली. चौथ्या आठवड्यात ताटांवर पांढरे ओघळ दिसू लागले. मग वाट्यांना भुकटीचा थर बसला आणि एका दुपारी यंत्र बंदच पडले. मेकॅनिकने हीटर उघडून दाखवला तेव्हा त्यावर चुनखडीसारखे कवच चढलेले होते. खडकवासल्याचे नळाचे पाणी सौम्य असते, पण उन्हाळ्यात ते पुरत नाही म्हणून आम्ही टँकर मागवत होतो, आणि टँकरमध्ये होते बोअरचे क्षाराचे पाणी. हा खुलासा यंत्र विकताना कोणी केला नव्हता, आणि मीही विचारला नव्हता.

त्यावर उपाय म्हणजे पाणी मऊ करणारी टाकी, म्हणजेच सॉफ्टनर. तिच्यातल्या रेझिनने शोषलेले क्षार धुऊन काढण्यासाठी ठरावीक दिवसांनी मिठाचे पाणी सोडावे लागते. टँकर जास्त आले की मीठ लवकर लागते, पावसाळ्यात उशिरा. याचे गणित कागदावर मांडून कोणालाच जमत नव्हते. ते जमले बिहारमधल्या गयेकडच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाला. तो पेल्यात पाणी घेऊन त्यात साबणाचे दोन थेंब टाकी, पेला हलवी, आणि फेस किती आला ते पाहून मीठ टाकायचे की नाही ते सांगत असे. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. ॲल्युमिनियमची पातेली यंत्रात घातली की त्यातल्या साबणाने काळी पडतात हेही त्यानेच पहिल्यांदा ओळखले, आणि त्यांच्यासाठी हाताने घासायचा वेगळा कोपरा केला. पूर्वी मोरीवर तीन माणसे लागत, आता दोन लागतात, बचत एवढीच. पण मोरीवर काम करायला तयार होणारा माणूस मिळू लागला, हे मला एका पगाराच्या बचतीपेक्षा मोलाचे वाटते. काका जूनमध्ये परतले, पंधरा दिवस यंत्राकडे संशयाने पाहत राहिले, आणि मग पाय कोरडे राहतात म्हणून त्याच्याशी त्यांनी जुळवून घेतले.

चपातीचे यंत्र मात्र आम्ही आठ दिवसांत परत केले. दोन तापलेल्या तव्यांमध्ये गोळा दाबून निघणारी ती गोष्ट गरम असेपर्यंत चपाती म्हणता येई, आणि निवली की पापड. तिच्याऐवजी वडगाव आणि धायरी भागातल्या पाच मावश्या आल्या, ज्यांना पूर्वी आम्ही कधी विचारलेच नव्हते, कारण हॉटेलचे काम म्हणजे सकाळी आठ ते रात्री बारा असे आम्हीच गृहीत धरले होते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे महिलांची पाळी सकाळी सात ते रात्री साडेनऊच्या आत असावी लागते; त्याहून उशीर करायचा तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था लागते. आम्ही दोन पाळ्या केल्या, साडेदहा ते साडेतीन आणि साडेचार ते साडेनऊ. साडेनऊनंतर फक्त भात आणि तंदूरची रोटी मिळते, हे मेनूवरच छापले. गिऱ्हाइके आधी कुरकुरली, मग लवकर येऊ लागली. उड्डाणपुलाच्या कामामुळे तशीही रात्री उशिरा त्या रस्त्याला फिरकण्याची हौस कोणाला नव्हती.

मेनूवरचे ११२ पदार्थ ४८ वर आणले, आणि अण्णांशी सर्वांत मोठा वाद झाला तो यावर नव्हे, तर सोमवारच्या सुट्टीवर. कायदा आठवड्याची रजा द्या म्हणतो आणि आम्ही ती पाळीपाळीने, म्हणजे बहुतेक वेळा कागदावर, देत आलो होतो. मी हॉटेलच सोमवारी बंद ठेवायचे म्हणालो. अण्णा म्हणाले, "छत्तीस वर्षांत मी शटर पाडलं ते फक्त आई गेली तेव्हा आणि लॉकडाऊनमध्ये." त्यांचे खरे होते. महिन्यातले चार दिवसांचे उत्पन्न जाते आणि जागेचे भाडे तेवढेच राहते. तरी जुलै २०२३ पासून आम्ही सोमवारी बंद असतो, आणि मुले टेबलांवर न झोपता मागच्या गल्लीत भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत राहतात. यातले यंत्र काहीच नाही, पण माणसे टिकण्याचा हिशेब मांडला तर क्यूआर कोड आणि टॅब्लेट यांच्या कितीतरी वर मी या दोन खोल्या लिहीन.

२०२३ ची दिवाळी १२ नोव्हेंबरला होती आणि छठ १९ तारखेला. आठ मुले गावी गेली. मी उचल नेहमीसारखीच दिली आणि अण्णांनी वहीत नेहमीसारखे पान राखून ठेवले. महिनाअखेरीस सात मुले परत आली. आठवा, गयेचा तो मुलगा, आला नाही. चार दिवसांनी त्याने उचलीचे पैसे यूपीआयने परत पाठवले, तेव्हा मला आधी काही कळेना. मग मामांकडून समजले की हिंजवडीच्या एका मोठ्या हॉटेलात त्याला आमच्यापेक्षा पाच हजार रुपये जास्त मिळाले आहेत, भांडी धुण्याचे यंत्र चालवता येते म्हणून. रात्री त्याचा फोन आला. आवाजात थोडी लाज होती, पण कामाचे बोलणे त्याने लगेच काढले. "शेठ, इथे सॉफ्टनर आपल्याच्या दुप्पट मोठा आहे आणि टँकर रोज येतो. मीठ किती दिवसांनी टाकू?" मी म्हणालो, "पेल्यात साबण टाकून बघ की." तो हसला, आणि म्हणाला की इथले मॅनेजर वहीत लिहिलेलेच मानतात.